तीन रुपयांची वाढ आणि माझी वही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर दोन आकडे शेजारीशेजारी लिहिलेत, ६९ आणि ७७. त्या दिवशी घरातून निघायला उशीर झाला होता, ठाण्यातल्या लोकमान्य नगरच्या शेअर रिक्षाच्या लाइनमधे पंचवीस-तीस माणसं उभी होती म्हणून मीटरने स्टेशनला गेले, उतरताना मीटरवर आलं ६९, मी सत्तर काढून देत होते तर रिक्षावाले काका म्हणाले ताई आता सत्त्याहत्तर झाले आणि वरच्या खिशातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. त्या कार्डावर एका बाजूला जुने आकडे आणि एका बाजूला नवे. दर १ फेब्रुवारीपासून वाढले होते पण मीटर अजून जुनेच होते, ते बदलून घ्यायला मुदत दिलेली, तोपर्यंत कार्ड बघून पैसे घ्यायचे. काका अगदी हळू आवाजात बोलत होते, सकाळपासून किती जणांशी वाद घालून झाला असेल कुणास ठाऊक. मी पैसे दिले आणि प्लॅटफॉर्मकडे पळाले.

ही वही माझी जुनी सवय आहे. मी अकाउंट्समधे काम करते, नवी मुंबईत महापेला एका छोट्या कंपनीत, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरवर टिकमार्क करायचे आणि स्वतःच्या पैशाचा हिशोब नाही हे मला जमत नाही. त्यामुळे रोज रात्री झोपायच्या आधी येण्याजाण्याचा खर्च लिहून ठेवते. भाजी, किराणा, दूध हे सगळं वेगळ्या पानावर, प्रवासाचं पान वेगळं. आणि त्या प्रवासाच्या पानाबद्दल आज लिहायचंय कारण पेपरमधे आणि व्हॉट्सअपवर भाडेवाढीची जी चर्चा होते ना ती माझ्या पानाशी कधीच जुळत नाही.

बातमी कशी असते, रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६, टॅक्सीचं २८ वरून ३१. म्हणजे तीन रुपये. लोक म्हणतात तीन रुपयांनी काय होतंय, तीन रुपयात आता गोळी पण येत नाही. बरोबर आहे. पण ते तीन रुपये पहिल्या दीड किलोमीटरचे झाले, पुढे प्रत्येक किलोमीटरचा दर १५.३३ वरून १७.१४ वर गेला, आणि आमच्यासारखी माणसं स्टेशनपासून दीड किलोमीटरवर राहत नाहीत. स्टेशनजवळ राहणं परवडलं असतं तर रिक्षाच लागली नसती. माझं घर ते ठाणे स्टेशन साधारण साडेचार किलोमीटर आहे, म्हणून ६९ चे ७७ झाले, तीन नाही, आठ रुपये वाढले.

पण खरी गोष्ट मीटरची पण नाहीये कारण रोज मीटरने कोण जातं. खरी गोष्ट आहे शेअरची. शेअरला मी आधी वीस रुपये देत होते, फेब्रुवारीनंतर पंचवीस द्यायला लागले. तिकडे घणसोली स्टेशनवरून महापेच्या आमच्या कंपनीपर्यंत आधी पंधरा, आता वीस. हे पाच-पाचने का वाढतं यावर मी खूप विचार केलाय. सुट्ट्या पैशांमुळे. किमान भाडं तीनने वाढलं की शेअरचं हिशोबाने दोन-अडीचने वाढायला पाहिजे पण बावीस रुपये कोण देणार आणि तीन रुपये परत कोण देणार, त्यामुळे लाइनमधे सगळ्यांनी मिळून गोल आकडा ठरतो आणि तो गोल आकडा नेहमी वरचाच असतो. आता तर निम्मी माणसं क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात, मोबाइलला बावीस काय आणि पंचवीस काय, पण सुट्ट्या पैशांच्या काळातली सवय तशीच राहिलीये.

आता हिशोब बघा. आधी जाऊनयेऊन सत्तर, आता नव्वद. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १७५० चे २२५० झाले. पाचशे रुपये महिन्याला. ज्या वाढीला बातमीत तीन रुपये म्हणतात ती माझ्या वहीत पाचशे रुपये आहे, आणि त्या वर्षी माझी पगारवाढ किती झाली ते इथे लिहीत नाही पण त्यातला बराच भाग इथेच गेला.

आणि लोकलचा पास? ठाणे ते घणसोली सेकंड क्लासचा महिन्याचा पास दोनशेच्या आत येतो. हे वाक्य परत एकदा वाचा प्लीज. दोन शहरांमधलं सगळं अंतर, खाडी ओलांडून, दिघा ऐरोली रबाळे करत घणसोलीपर्यंत, महिनाभर कितीही वेळा, दोनशेच्या आत. आणि त्या गाडीपर्यंत पोचायचे आणि गाडीतून उतरून ऑफिसपर्यंत जायचे साडेबावीसशे. दहा पटीहून जास्त. मधला मोठा प्रवास जवळजवळ फुकट आणि दोन टोकांचे तुकडे महाग. माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर, बाकी सगळं त्याच्याच आजूबाजूचं.

लोकलचं भाडं वाढत नाही कारण ते वाढवायची कुणाची हिंमत होत नाही. २०१४ च्या जूनमधे आठवतंय का, पासचे दर जवळपास दुप्पट होणार म्हणून बातमी आली होती, सगळ्या पक्षांची माणसं रस्त्यावर आली आणि चार-पाच दिवसांत उपनगरी सेकंड क्लासची वाढ मागे घेतली गेली. अगदी १ जुलै २०२५ ला रेल्वेने लांब पल्ल्याची भाडी वाढवली तेव्हासुद्धा उपनगरी तिकीट आणि पास तसेच ठेवले. एवढंच काय, मे २०२२ मधे फर्स्ट क्लासचं आणि एसी लोकलचं सिंगल तिकीट खाली आणलं होतं, ठाणे ते सीएसएमटी फर्स्ट क्लास १४० चं ८५ झालं. मला याचा आनंदच आहे, लोकल स्वस्त आहे म्हणून कल्याण-बदलापूरची माणसं मुंबईत नोकरी करू शकतात. पण शेअर रिक्षाच्या लाइनसाठी कोण रस्त्यावर येणार? ती लाइन एका नाक्यावरची असते, तिचा दर त्या नाक्यावरच ठरतो, त्याची बातमी होत नाही, आणि म्हणून ते दुखणं कुणाला दिसत पण नाही.

रिक्षावाल्यांवर मला राग काढायचा नाहीये हे आधीच सांगते कारण या विषयावर लिहिलं की लोकांना तेच हवं असतं. उलट मी त्यांचा हिशोब पण मांडून बघितलाय. जून २०१५ मधे किमान भाडं १८ झालं, मग मार्च २०२१ पर्यंत १८ च होतं, जवळजवळ सहा वर्षं. मार्च २०२१ ला २१, ऑक्टोबर २०२२ ला २३, फेब्रुवारी २०२५ ला २६. म्हणजे दहा वर्षांत १८ चे २६, साधारण चव्वेचाळीस टक्के. आणि याच दहा वर्षांत देशाचा ग्राहक किंमत निर्देशांक पन्नास टक्क्यांच्या वर चढलाय. तर रिक्षावाल्याचा दर महागाईच्या मागेच राहिलाय, पुढे गेलेला नाही. त्यात त्याची मुलांची फी आहे, घरभाडं आहे, गाडीचा हप्ता आहे, इन्शुरन्स आहे.

सकाळी आमच्या लाइनमधून रिक्षा स्टेशनला भरून जाते पण स्टेशनवरून परत येताना रिकामी येते कारण सकाळी आठ वाजता स्टेशनवरून लोकमान्य नगरला कोण येणार. तीन सीटचे पंचाहत्तर, मीटरएवढेच जवळपास, पण त्यात रिकामी फेरी धरली की गॅसचे पैसे डबल. म्हणून मग चौथी सीट. ड्रायव्हरच्या शेजारी अर्धं अंग बाहेर काढून बसलेला माणूस आपण रोज बघतो, ते बेकायदेशीर आहे, धोक्याचं आहे, मी माझ्या मुलाला तसं कधीच बसू देत नाही, पण ते का होतं हे त्या रिकाम्या फेरीत आहे.

गॅसवरून आठवलं. भाडं वाढवताना नेहमी सीएनजीचं कारण पुढे येतं आणि ते खोटं नाही, पण अर्धं आहे. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा इकडे किलोला ६० रुपये झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत तो ८९.५० वर गेला, सात महिन्यांत जवळजवळ तीस रुपये, त्या काळात रिक्षावाल्यांची खरंच दैना झाली. नंतर उतरत उतरत मार्च २०२४ ला ७३.५० झाला. उतरला तेव्हा भाडं उतरलं का? नाही. आणि फेब्रुवारी २०२५ ला भाडं वाढलं तेव्हा गॅस नोव्हेंबर २०२२ पेक्षा दहाएक रुपये स्वस्तच होता. मग वाढ कशाची? तर ते सूत्र फक्त गॅसवर चालत नाही, भाडं ठरवायला राज्याने नेमलेल्या खटुआ समितीचं जे सूत्र आहे त्यात गाडीची किंमत, इन्शुरन्स, देखभाल आणि ड्रायव्हरच्या घरखर्चातली महागाई पण धरतात. मला हे सूत्र पटतं. मला एवढंच वाटतं की जे सूत्र वर जातं ते खाली पण यायला पाहिजे. आता सप्टेंबर २०२५ पासून तीनचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, नवी रिक्षा स्वस्त झाली, तर पुढच्या वेळी दर ठरताना ते धरलं जाईल का हे मी लक्ष ठेवून बघणार आहे.

आणि भाडं खाली येऊच शकत नाही असं काही नसतं. आपल्या नवी मुंबईतच झालंय. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली तेव्हा पूर्ण तिकीट ४० रुपये होतं, सिडकोने सप्टेंबर २०२४ मधे गणपतीच्या दिवशीपासून ते ३० केलं. माझी बहीण तळोज्याला राहते, तिला त्या दहा रुपयांचं किती बरं वाटलं होतं. मुंबईच्या बेस्ट बसने २०१९ च्या जुलैत किमान तिकीट आठवरून पाच केलं होतं. ते नंतर मे २०२५ मधे पाचचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा, ती वेगळी गोष्ट, एकदम दुप्पट. ज्या माणसाने सहा वर्षं पाच रुपयांवर महिन्याचं बजेट बसवलं त्याला दहा म्हणजे दुप्पटच, त्याला २०१९ च्या आधीचे आठ रुपये सांगून काही उपयोग नाही.

त्या २०२५ च्या पहिल्या पाच महिन्यांचं माझ्या वहीतलं पान बघितलं की अजून पोटात गोळा येतो, जानेवारीच्या शेवटी एसटी १४.९५ टक्क्यांनी वाढली, फेब्रुवारीत रिक्षा, एप्रिलमधे घरचा गॅस सिलेंडर एकदम पन्नास रुपयांनी, मग सीएनजी, मे महिना लागतानाच दूध लिटरला दोन रुपये, आणि आठवड्याभरात बेस्ट. एकेक वाढ घेतली तर प्रत्येकाला कारण आहे, प्रत्येक कारण ऐकून घेतलं तर पटतं पण. पण पगार एकच असतो ना.

त्याच्या काही महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून ऐरोली, वाशी, मुलुंडचे दोन आणि दहिसर या मुंबईच्या पाचही नाक्यांवर कारला टोल माफ झाला. आधी ४५ रुपये होता. नाक्यांवरची ती भयंकर रांग कमी झाली, ते चांगलंच झालं. पण मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं होतं की कारवाल्याचे ४५ गेले. तीन-साडेतीन महिन्यांत माझे दिवसाचे वीस वाढले. कारवाल्यांचं वाईट व्हावं असं मला अजिबात वाटत नाही, माझे दीर रोज कारने जातात. पण सरकारकडे प्रवासावर सोडायला पैसे होते, म्हणजे आहेत, ते कुणासाठी सोडायचे हे कुणीतरी ठरवतं आणि ते ठरवताना शेअरच्या लाइनमधलं कुणी तिथे बसलेलं नसतं. हे मला लागतं.

आमच्याकडे कामाला येतात त्या मावशी, त्यांचं सांगते. त्या सकाळी घोडबंदर रोडच्या एका कॉम्प्लेक्समधे दोन घरं करतात, मग आमच्या बिल्डिंगमधे तीन. आधी त्या एक टप्पा शेअर रिक्षा करायच्या. मार्चमधे एक दिवस मी विचारलं मावशी हल्ली उशीर का होतो तर म्हणाल्या, "ताई, चालत येते आता. जायचे यायचे दहा वाढले, महिन्याचे अडीचशे. एका घरच्या भांड्यांचे पैसे मी रिक्षेत घालू का?" मी गप्प बसले. पन्नाशीच्या पुढच्या बाई, गुडघे दुखतात म्हणून तेल लावतात आणि पाऊण तास चालत येतात. त्यानंतर मी त्यांना महिन्याचे दोनशे रुपये वेगळे देते, पण बाकीच्या चार घरांनी द्यायला पाहिजेत असं मी सगळ्यांना सांगू शकले नाही, दोघींना सांगितलं, एकीने दिले. हा जो चालण्याचा पाऊण तास आहे तो कुठल्या महागाईच्या आकड्यात येतो? मावशींनी प्रवासावरचा खर्च कमी केला, कागदावर त्यांचे पैसे वाचले.

माझे वडील शहात्तर वर्षांचे आहेत. पंच्याहत्तरच्या वरच्यांना एसटी फुकट आहे ऑगस्ट २०२२ पासून, आणि आईला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. खूप मोठी गोष्ट आहे ही, आमच्या गावाकडच्या कितीतरी बायका त्यामुळे माहेरी जाऊ लागल्या, दवाखान्यात एकट्या जाऊ लागल्या. बाबा सातारला मामांकडे शून्य रुपयात जातात. पण घरापासून ठाण्यातल्याच खोपटच्या एसटी स्टँडपर्यंत त्यांना रिक्षाचे साठ रुपये लागतात, परत येताना रात्रीचे बारा वाजून गेले तर त्याच्यावर पंचवीस टक्के. ठाणे ते सातारा फुकट आणि लोकमान्य नगर ते खोपट साठ. ऑगस्टमधे बाबा सातारहून आले आणि खोपटवरून पिशवी घेऊन चालत घरी आले, दोन नारळ आणि घेवड्याची शेंग होती त्यात, घामाने पूर्ण भिजलेले. मी खूप चिडले. ते म्हणाले, अगं इतका लांब फुकट आलो आणि इथे साठ द्यायचे जिवावर आलं. मी चिडायला नको होतं असं नंतर वाटलं.

मग उपाय काय तर माझ्या मते बस, दुसरं काही नाही. ठाणे महापालिकेच्या बसचं, टीएमटीचं, भाडं खरंच परवडतं, एसी बसचं किमान तिकीट मागे वीसवरून दहावर आणलं होतं, बायकांना अर्धं तिकीट, साठीच्या वरच्यांना फुकट. तिकडे नवी मुंबईची एनएमएमटी आहेच. म्हणजे दराचा प्रश्न बसमधे सुटलेला आहे, आता राहिलाय तो फेऱ्यांचा. सकाळी सव्वासातपासून नऊपर्यंत स्टेशनकडे जाणाऱ्या माणसाला दहा मिनिटांत बस नक्की मिळेल असा भरवसा पाहिजे, कारण ट्रान्सहार्बरची, म्हणजे आमच्या ठाणे-घणसोली लाइनची, एक गाडी चुकली की पुढच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि लेट मार्क लागतो. त्या भरवशासाठीच आपण पंधरा रुपये जास्त देऊन शेअरमधे बसतो. पैसे रिक्षाचे नाहीत, वेळेच्या खात्रीचे आहेत.

आणि बस पुरेल का तर पुरेल. मी सलग तीन दिवस, मंगळवार बुधवार गुरुवार, सकाळी आठ ते साडेआठ लाइनच्या बाजूला उभी राहून मोजलं, मुलाच्या शाळेची जुनी वही आणि पेन्सिल घेऊन. अर्ध्या तासात ३६, ४१ आणि ३९ रिक्षा भरून गेल्या. तीन माणसं धरली तर रोज शंभर-सव्वाशे माणसं. दोन-तीन बसचा लोड आहे तो फक्त, दर दहा मिनिटाला एक बस सोडली तर अर्ध्या तासात सगळी लाइन साफ. आणि चाळीस रिक्षा कमी झाल्या तर कॅडबरी जंक्शनचं ट्रॅफिक पण थोडं हलेल. रिक्षावाल्यांचा धंदा बुडेल का हा प्रश्न मी त्या कार्डवाल्या काकांनाच विचारला, ते रोज भेटतात आता. ते म्हणाले ताई सकाळी माणसं आम्हाला पुरून उरतात, रिकामं परत यायचं टळलं तर मी मीटरची भाडी मारीन, आजारी माणसं, म्हातारी माणसं, त्यांना सकाळी रिक्षा मिळतच नाही. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मधे मेट्रो ४ ची गायमुख ते विजय गार्डन ट्रायल झाली, सगळ्यांनी व्हिडिओ टाकले, मी पण बघितला आणि मला खूप आनंद झाला, एवढी वर्षं घोडबंदरची धूळ खाल्लीये आपण. पण मेट्रोच्या स्टेशनपर्यंत जायचं कसं? परत शेअर रिक्षाच ना? तिथे पण परत एक लाइन लागेल, पंधराने सुरू होईल आणि दोन वर्षांत पंचवीसला जाईल. आत्ताच, मेट्रो सुरू व्हायच्या आधीच, त्या स्टेशनांना जोडणाऱ्या छोट्या बसचं ठरायला पाहिजे, आणि एकाच तिकिटात ठरायला पाहिजे, म्हणजे बसमधून उतरून मेट्रोत बसलं की परत किमान भाड्यापासून सुरुवात नको. दर वेळी गाडी बदलली की पहिल्या टप्प्याचे पैसे नव्याने भरायचे, यातच आपले सगळे पैसे जातात.

तर मी एक अर्ज लिहिलाय. लोकमान्य नगर ते स्टेशन, सकाळी सव्वासात ते सव्वानऊ दर दहा मिनिटांनी बस, आणि संध्याकाळी सहा ते नऊ परतीची. सोबत माझ्या तीन दिवसांच्या मोजणीचं पान आणि वहीतल्या दोन महिन्यांच्या पानांची झेरॉक्स जोडलीये, जानेवारी आणि मार्च २०२५, १७५० आणि २२५०. कालपर्यंत ६१ सह्या झाल्यात, त्यात मावशींची आहे, कार्डवाल्या काकांची पण आहे. बाबा म्हणाले मी स्वतः नेऊन देतो महापालिकेत, मला वेळच वेळ आहे.

तुम्ही त्या लाइनमधे उभे राहत असाल तर सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ वाजता मी मेडिकलच्या दुकानासमोर असते, खांद्याला निळी पिशवी. अर्ज पिशवीतच असतो. सही करा, आणि तुमचं शेअरचं भाडं २०२० मधे किती होतं ते आठवत असेल तर तेवढं सांगा, माझ्या वहीत त्या वर्षीची लॉकडाउनची पानं कोरी आहेत.